उद्यान विभागात नवं काही घडायला हवं, तर विभागप्रमुखाने नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे: महापालिकेच्या उद्यान व क्रीडा विभागाचा प्रमुख म्हणून नुकताच रुजू झालो आहे. चाळीसेक उद्यानं, तीन मैदानं, एक जलतरण तलाव. सूचनापेटी ठेवली, कार्यशाळा घेतली, उत्तम कल्पनेला बक्षीसही जाहीर केलं. एकही कल्पना आली नाही. कर्मचाऱ्यांमध्ये सर्जनशीलता रुजवायची कशी?

पेटी रिकामी आहे म्हणजे कल्पना नाहीत, असा निष्कर्ष काढू नका. कोणता बाक कायम रिकामा असतो आणि का, झोपाळ्याची कडी नेमकी कुठे झिजते, दुपारी बंद फाटकाबाहेर कोण ताटकळतं, हे माळ्याला आणि रखवालदाराला पक्कं ठाऊक असतं. ते सांगत नाहीत, कारण सांगितल्यावर पुढे काय होतं हेही त्यांना ठाऊक असतं. सूचना मुकादमाकडून निरीक्षकाकडे जाते, तिथून अधीक्षकाकडे, मग टिपणी होऊन लेखा विभागाकडे, आणि दोन शेऱ्यांनिशी परत येते: ‘खर्च कोणत्या लेखाशीर्षावर?’ (म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यावर) आणि ‘यापूर्वी असे केले आहे काय?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं शोधणं माळ्याचं काम नव्हे, तुमचं आहे. नव्या गोष्टीची जोखीम कागदावर स्वतःच्या नावे घ्यायची, ती लहान ठेवायची आणि कधीही मागे घेता येईल अशी रचायची, हे विभागप्रमुखाचं खरं काम. ते झालं की माणसं बोलू लागतात. बक्षीस आणि कार्यशाळा तोवर बाजूला राहू द्या.

आधी कायद्याचा आधार पक्का करा, कारण पहिली अडवणूक तिथे होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये उद्यानं, क्रीडांगणं आणि करमणुकीची मैदानं कलम ६३ च्या बंधनकारक कर्तव्यांत येत नाहीत. ती कलम ६६ च्या स्वेच्छाधीन कर्तव्यांत येतात. पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री उद्यानांना लागते, त्याचं मूळ इथे आहे. पण त्याच कलमात सार्वजनिक ठिकाणी लोकांसाठी संगीताची सोय, प्रदर्शनं, खेळांचं आयोजन, पोहण्याचे तलाव आणि रस्त्याकडेची झाडंही आहेत. उद्यानात संध्याकाळी गायन ठेवलं किंवा मल्लखांबाचा खांब उभा केला, तर ते विभागाच्या कामात बसत नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत, बागा आणि क्रीडांगणं ही १२ वी बाब आहे, सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना ही १३ वी. टिपणीच्या पहिल्या परिच्छेदात हे दोन्ही संदर्भ घाला. निम्मे शेरे तिथेच मिटतात. (नगरपरिषदेला १९६५ चा अधिनियम लागू होतो आणि मुंबईला १८८८ चा, कलमं वेगळी आहेत, ती तपासून लिहा.)

दुसरं, कलम ६९ खाली आयुक्त आपले काही अधिकार अधिकाऱ्यांना देऊ शकतात. त्याचा उपयोग करून एक स्थायी आदेश मागून घ्या: ठरावीक रकमेपर्यंतच्या, ठरावीक मुदतीच्या चाचण्या विभागप्रमुखाने स्वतः मंजूर कराव्यात. रक्कम मोठी मागू नका. एका उद्यानातल्या एका चाचणीला २५ ते ५० हजार रुपये बहुतेक वेळा पुरतात. त्याहून जास्त लागत असतील, तर तुम्ही चाचणी करत नसून कायमचं काम काढत आहात. त्याला नेहमीचा रस्ता आहे, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा. ते त्याच रस्त्याने जाऊ द्या.

आता चाचणीचा आदेश. सगळी मदार याच कागदावर आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. एकच पान असावं, मराठीत, माळ्याला वाचून दाखवता येईल असं. वर उद्यानाचं नाव आणि उद्यानातली नेमकी जागा. ‘उद्यानात’ असं मोघम नको, ‘पूर्वेकडच्या फाटकापासून विहिरीपर्यंतची हिरवळ’ असं. मग काय बदलणार ते दोन वाक्यांत. मग सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख. ९० दिवस चांगले, कारण ३० दिवसांत फक्त नवलाई मोजली जाते. मग खर्चाची कमाल मर्यादा आणि लेखाशीर्ष. मग रोजची देखभाल कुणाकडे, तेही हुद्द्याने नव्हे तर नावानिशी. मग काय मोजणार आणि कोण मोजणार. आणि शेवटी, जे हमखास विसरलं जातं: कोणत्या परिस्थितीत चाचणी मुदतीआधी थांबवायची, आणि थांबवल्यावर जागा पूर्ववत कोण करणार. खाली सही तुमची. निरीक्षकाची सही घेऊ नका. चाचणी फसली तर विचारणा कुणाला होणार हे त्या सहीवरून सगळ्या विभागाला कळतं, आणि पुढची कल्पना येणार की नाही ते तिथेच ठरतं.

लेखापरीक्षणाची भीती मोठी असते, पण ती बऱ्याच अंशी चुकीच्या जागी असते. लेखापरीक्षक नवेपणावर हरकत घेत नाहीत. त्यांच्या हरकती ठरलेल्या असतात: मंजुरीआधी खर्च केला, निविदेची मर्यादा चुकवायला कामाचे तुकडे पाडले, खरेदी साठा नोंदवहीत चढवली नाही, मोजमाप पुस्तिकेत नोंद न करता देयक दिलं, आणलेली वस्तू आज जागेवर सापडत नाही. शेवटची हरकत चाचण्यांना हमखास लागते, कारण चाचणी संपली की सामान गोदामात जातं आणि कागद तिथेच थांबतो. म्हणून चाचणी बंद करतानाही आदेश काढा. किती बांबू, किती दोर, किती खुर्च्या परत आल्या, किती खराब झाल्या, कुठे ठेवल्या, हे त्यात लिहा. काय कळलं तेही तीन-चार ओळींत लिहा. फसलेल्या चाचणीचा बंद आदेश दोष न देता लिहिलेला असेल, तर तो विभागातल्या प्रत्येकाला वाचायला द्या.

फसणं आणि हलगर्जी यांतली रेषा मात्र आधीच आखा. तीन गोष्टींना सवलत नाही: सुरक्षा, पैसा आणि नोंदी. दुपारी उघडलेलं उद्यान कुणी वापरलं नाही, हे फसणं. तुटलेल्या घसरगुंडीला दोरी न बांधता ती तशीच ठेवली, ही हलगर्जी. दोन्हींना एकच ‘कारणे दाखवा’ नोटीस गेली, तर लोक फसण्यालाही तितकेच घाबरतील.

कल्पना कुठून आणायच्या? बैठकीतून कमी, मोजणीतून जास्त. उद्यानांच्या वापराची मोजणी करायची एक साधी, जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, सोपार्क. उद्यानाचा नकाशा काढून त्याचे पाच-सहा तुकडे करायचे: खेळणी, हिरवळ, चालण्याची वाट, बाकांचा कट्टा, मोकळं मैदान. ठरलेल्या वेळी प्रत्येक तुकड्यासमोर उभं राहून नजर डावीकडून उजवीकडे फिरवायची, एकदा स्त्रियांसाठी आणि एकदा पुरुषांसाठी, आणि दिसलेली माणसं नोंदवायची: स्त्री की पुरुष, बालक, किशोर, प्रौढ की ज्येष्ठ, आणि बसलेले, चालणारे की जोमाने खेळणारे. नावं विचारायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. दिवसातून चार फेऱ्या, आठवड्यातले चार दिवस, त्यात शनिवार-रविवार हवेतच. एका उद्यानाला एका फेरीला साधारण वीस मिनिटं लागतात. रखवालदार हे सहज शिकतो. पण पहिले दोन दिवस दोघांना वेगवेगळं मोजायला लावा आणि आकडे जुळवून पाहा. फार फरक पडत असेल तर तुकड्यांच्या सीमा नकाशावर स्पष्ट झालेल्या नाहीत असं समजा.

या तक्त्यातली रिकामी घरं जास्त बोलतात. कोण येत नाही आणि कधी येत नाही ते पाहा. आपल्याकडे दोन घरं बहुतेक उद्यानांत रिकामी सापडतील.

पहिलं घर दुपारचं. आपल्याकडची अनेक उद्यानं सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चारला उघडतात. दुपारी सावलीत बसायची गरज कुणाला असते? दोन घरांच्या कामांमध्ये दीड तास मोकळा असलेल्या धुणंभांडी करणाऱ्या बायकांना, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना, लहान बाळ घेऊन एका खोलीत राहणाऱ्या आईला, सामान पोहोचवणाऱ्या पोरांना. बंद ठेवण्याची कारणं विचारा: पाणी देणं, झाडलोट, एकच रखवालदार, आणि ‘जोडपी येऊन बसतात’ ही तक्रार. यातलं एकेक कारण सोडवता येतं. पाणी पहाटे आणि संध्याकाळी द्यावं. भर दुपारी दिलेलं पाणी तसंही बरंच उडून जातं. पूर्ण उद्यान उघडू नका. रखवालदाराच्या चौकीजवळचा, दाट सावलीचा एक भाग फक्त उघडा आणि बाकीच्याला दोरी लावा. तिथलं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी आधी चालू करा. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर बायका येणार नाहीत, आणि मग ‘प्रतिसाद नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. जोडप्यांविषयी माझं मत स्पष्ट आहे: सज्ञान माणसं बाकावर बसून बोलत असतील, तर त्यात विभागाने पडू नये. माणसांचा राबता वाढला की जागा आपोआप सुरक्षित होते, आणि तक्रारही विरळ होते.

दुसरं घर किशोरवयीन मुलींचं. खेळण्यांपाशी सात-आठ वर्षांच्या मुली मुलांइतक्याच दिसतात. दहा-अकरानंतर त्या गायब होतात. व्हिएन्ना शहराला १९९०च्या दशकात हेच आढळलं होतं. त्यांनी १९९९ पासून आइन्सीडलर पार्क आणि सेंट योहान पार्क या दोन उद्यानांत नव्याने रचना केली. चेंडूच्या खेळांचे, एका दाराचे जाळीबंद मोठे पिंजरे फोडून एकाच्या जागी लहान लहान खेळजागा केल्या, आत-बाहेर जायच्या वाटा रुंद केल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, उजेड वाढवला. मुली परतल्या. आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे ‘मुलींसाठी राखीव वेळ’ असा फलक. तो टिकत नाही, कारण रोज सायंकाळी तो राबवायला कुणालातरी क्रिकेटच्या पोरांशी भांडावं लागतं. जागा विभागा. मैदानाच्या कडेचा १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद पट्टा बॅडमिंटनला पुरतो: अंगण १३.४ बाय ६.१ मीटरचं, उरलेली जागा भोवती फिरायला. चुन्याच्या रेषा, दोन काढता येणारे खांब, एक जाळी. पट्टा रस्त्याच्या आणि फाटकाच्या बाजूला घ्या, मागच्या कोपऱ्यात नको. आणि मधल्या बाजूला बाकांची रांग ठेवा, म्हणजे क्रिकेटचं मैदान हळूहळू सरकत या पट्ट्यावर येत नाही.

खेळण्यांच्या बाबतीत आपली उद्यानं एकमेकांच्या नकला झाली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तीच प्लास्टिकची बहुरंगी घसरगुंडी, तेच ओपन जिम, तोच रबराचा तळ. कारण सोपं आहे: दरसूचीत किंवा पुरवठादाराच्या यादीत जे आहे तेच पूर्वगणनपत्रकात लिहिणं सुरक्षित वाटतं. ॲमस्टरडॅमच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने १९४७ मध्ये याच्या नेमकं उलट केलं. खात्यात नव्याने आलेल्या आल्डो व्हॅन आइक या तरुण वास्तुविशारदाला वरिष्ठांनी एका लहानशा चौकात खेळजागा करायला दिली. वाळूचा हौद, उड्या मारायचे दगड, लटकायच्या नळ्या, बाक, बस. लोक पत्रं लिहून आपल्या गल्लीत तसंच मागू लागले आणि १९७८ पर्यंत सातशेहून अधिक खेळजागा झाल्या. त्याआधी, १९४३ मध्ये, कोपनहेगनजवळच्या एमड्रुपमध्ये मुलांना फळ्या, दोर, विटा देऊन स्वतः रचू देणारं मैदान उघडलं होतं. दोन्हीकडे साहित्य स्वस्त होतं. वरिष्ठांनी एका साध्या गोष्टीला मान्यता दिली आणि ती पुन्हा पुन्हा करू दिली, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे करून पाहण्याजोगी पहिली चाचणी म्हणजे वाळूचा हौद. पाच मीटर बाय चार मीटर, वाळूची खोली ४० सेंटिमीटर. म्हणजे ८ घनमीटर, सुमारे २.८ ब्रास. खाली १५ सेंटिमीटर खडी, तिच्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं) कापड, मग वाळू. खडी नसेल तर पहिल्याच पावसात हौदाचं डबकं होतं; कापड नसेल तर खडी वर येते आणि मुलांच्या पायाला लागते. वाळू धुतलेली, गोल दाण्याची, ०.२ ते २ मिलिमीटरची हवी. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू इथे घेऊ नका: तिचे दाणे कोनदार असतात, भुकटी जास्त असते, ती दबून घट्ट होते आणि धूळ उडते. काठ गोलाई दिलेल्या लाकडाचा किंवा विटांचा, बसण्याच्या उंचीचा, म्हणजे आया-आज्या तिथेच टेकतात. रात्री कुत्री-मांजरं घाण करतात, त्यासाठी नायलॉनची जाळी ताणून बांधायची. हे न केल्यामुळे हौद महिन्याभरात बंद पडतात. रोज सकाळी दंताळं, महिन्यातून एकदा चाळण, पावसाळ्यात ताडपत्री. हे सगळं आदेशात त्या माळ्याच्या नावापुढे यायला हवं, आणि त्याच्या बाकीच्या कामातून तेवढा वेळ कमीही करायला हवा. नवं काम जुन्याच्या डोक्यावर चढवलं की माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो.

सुरक्षेत मात्र कल्पकता नको. युरोपात खेळजागांसाठी ईएन ११७६ हे मानक आहे. दोन-तीन आकडे तिथून घ्या. दोन मीटरपर्यंतच्या उंचीवरून पडण्याची शक्यता असेल तर खाली २० सेंटिमीटर वाळू आणि विखुरण्यासाठी आणखी १० हवी. तीन मीटरपर्यंत असेल तर ३० आणि १०. कठड्याच्या फटी ८९ मिलिमीटरपेक्षा लहान किंवा २३० पेक्षा मोठ्या असाव्यात. मधल्या मापाच्या फटीतून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. काँक्रीटवर चिकटवलेल्या रबरी फरशीवर भरवसा ठेवण्याआधी तिची जाडी आणि धक्का शोषण्याची चाचणी पुरवठादाराकडून कागदावर घ्या. उन्हाळ्यात ती फरशी अनवाणी पायांना पोळते, हेही ध्यानात ठेवा. पुण्यात अर्बन-९५ या कार्यक्रमाखाली तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून, म्हणजे ९५ सेंटिमीटरवरून, शहर पाहण्याचा प्रयत्न झाला आहे. तुमच्या निरीक्षकांना एकदा गुडघ्यांवर बसून फाटकापासून नळापर्यंतचा रस्ता पाहायला सांगा. पाण्याच्या नळाची उंची, पायरीची उंची, कुंपणाची टोकं, सगळं वेगळं दिसतं.

जलतरण तलावात प्रयोग वेळापत्रकात करा, पाण्यात नको. बायकांची तुकडी, ज्येष्ठांची तुकडी, पालक आणि बाळ, या वेळा हव्या तशा बदलून पाहा. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८, क्लोरीनची नोंद आणि जीवरक्षकांची संख्या यांना हात लावू नका.

ठेकेदारीचा मुद्दा टाळता येत नाही. आज बऱ्याच उद्यानांची देखभाल ठेक्यावर आहे आणि निविदेत माणसांची संख्या, हिरवळीचं क्षेत्रफळ, खताचं प्रमाण एवढंच असतं. ठेक्यावरच्या माळ्याने काही नवं केलं तर त्याचे पैसे कुणी देत नाही, उलट ठरलेलं काम राहिलं म्हणून दंड होतो. पुढच्या निविदेत ठेक्याच्या रकमेच्या ३ ते ५ टक्के तरतूद ‘विभागप्रमुखाच्या लेखी आदेशाने करावयाच्या चाचणी कामांसाठी’ वेगळी ठेवा. प्रत्यक्ष मोजमापावर देय, न वापरल्यास परत. एकरकमी दरात ती मिसळू देऊ नका, नाहीतर ठेकेदार ती गृहीत धरून दर भरतो. ओपन जिमच्या निविदेत तीन वर्षांचे सुटे भाग, बंदिस्त बेअरिंग आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती हे लिहून घ्या. ही यंत्रं बहुतेक वेळा बेअरिंग गेल्याने बंद पडतात आणि सुटा भाग कुठल्याच कागदावर नसतो.

बैठक महिन्यातून एकदा, उद्यानातच घ्या, दरवेळी वेगळ्या. चाळीस मिनिटं पुरतात. बोलण्याचा क्रम खालून वर: आधी माळी आणि रखवालदार, मग मुकादम, मग निरीक्षक, शेवटी तुम्ही. साहेब आधी बोलले की बाकीचे त्याला होकार देतात. आलेल्या प्रत्येक सूचनेला सात कामाच्या दिवसांत लेखी उत्तर जायला हवं: हो, नाही, किंवा आणखी हे हवं. ‘नाही’ला कारण लिहा. कारण पटलं नाही तरी चालतं. उत्तरच आलं नाही, तर तो माणूस पुन्हा बोलत नाही. चाचणी यशस्वी झाली तर ज्याची कल्पना त्याच्या सेवापुस्तिकेत नोंद घ्या. पुष्पगुच्छापेक्षा त्या एका ओळीचं मोल माळ्याला कितीतरी जास्त असतं. ठेक्यावरच्या माणसाला सेवापुस्तिका नसते. त्याला विभागाच्या शिक्क्याचं, कामाचं नेमकं वर्णन असलेलं प्रमाणपत्र द्या. पुढच्या ठेकेदाराकडे ते उपयोगी पडतं.

नगरसेवकांना शेवटी कळवू नका. प्रभागातला कोणताही बदल त्यांच्यापर्यंत तक्रारीच्या रूपाने आधी पोहोचला, तर चाचणी संपलीच म्हणून समजा. सुरू करण्यापूर्वी मोजणीचा तक्ता घेऊन भेटा आणि त्यांच्या प्रभागात कोण उद्यानाबाहेर राहतं ते दाखवा. उद्घाटन मात्र चाचणीनंतर ठेवा. आधी उद्घाटन झालं की ती गोष्ट बंद करणं म्हणजे त्यांचा अपमान ठरतो, आणि मागे घेण्याची सोय हातची जाते. पुण्यासारखं जिथे नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक होतं, तिथे मोहल्ल्यातल्या लोकांना तो अर्ज भरायला मदत करा. लोकांनी मागितलेल्या कामाला स्थायी समितीत कात्री लावणं अवघड असतं.

उद्यान दत्तक देण्याचा मोह होईल. संस्था आणि कंपन्या नव्या कल्पना घेऊन येतात, हे खरं. पण मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणाविरुद्ध नागरिक उभे राहिले आणि २०१६ मध्ये त्याला स्थगिती द्यावी लागली, हे विसरू नका. आधी दिलेल्या काही जागांवर क्लब उभे राहिल्याचा अनुभव लोकांच्या मनात होता. शुल्क नाही, सभासदत्व नाही, नवं कुंपण नाही, फाटकाची किल्ली विभागाकडे, एकच लहान नामफलक. या अटी मान्य असतील तरच पुढे बोला.

रस्ता काही तास गाड्यांना बंद करून लोकांना मोकळा करून देणं, हा मनोरंजन सेवेचा सगळ्यात स्वस्त विस्तार आहे. बोगोटाने तो १९७४ मध्ये सुरू केला. आज दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, सुमारे १२० किलोमीटर रस्ते मोकळे असतात. गुरगावमध्ये २०१३ साली राहगिरी आली, पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन झाला, मुंबईत मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी संडे स्ट्रीट्स सुरू केलं. आपल्याकडे असे उपक्रम मावळतात ते मंच आणि ध्वनिवर्धकामुळे. कार्यक्रम झाला की प्रायोजक लागतो, प्रायोजक लागला की तारीख त्याच्या सोयीने ठरते, आणि लोकांची सवय मोडते. बोगोटात वेळ आणि रस्ते ठरलेले आहेत, आणि चालवणारी यंत्रणा शहराच्या क्रीडा व मनोरंजन संस्थेची आहे. तुम्ही करणार असाल तर ६०० मीटरचा एकच रस्ता घ्या, दोन्ही टोकांना शाळा किंवा उद्यान असलेला. सलग बारा रविवार, तीच वेळ. मंच नको. वाहतूक पोलिसांची अधिसूचना, रहिवाशांच्या गाड्यांसाठी एक बाजूची वाट, रुग्णवाहिकेसाठी साडेतीन मीटर मोकळी पट्टी, दूधवाला आणि भाजीवाल्यांना पायी प्रवेश. खडू, दोरीउड्या, विटी-दांडू, लगोरी एवढं सामान खूप झालं.

वर्षाचं गणित ऑक्टोबरपासून मांडा. पाऊस थांबतो, ९० दिवसांची चाचणी डिसेंबरअखेर संपते. अंदाजपत्रकाच्या मागण्या त्याच सुमारास जातात, म्हणून चाचणीचा निकाल लागण्याची वाट न पाहता नोव्हेंबरमध्येच ‘उद्यानांतील नवीन उपक्रम’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष नाममात्र तरतुदीने उघडून घ्या. लेखाशीर्ष अस्तित्वात असलं की वर्षात वर्गीकरणाने, म्हणजे दुसऱ्या लेखाशीर्षातून वळवून, त्यात पैसे आणता येतात. नसलं तर हातात पैसे असूनही खर्च करता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणतीही नवी चाचणी काढू नका. निधी संपवायच्या घाईत घेतलेली खेळणी पुढची दहा वर्षं जागा अडवतात.

तुमची बदली होणारच आहे. म्हणून टिकवायची प्रत्येक गोष्ट वर्षभरात तीन कागदांवर नेऊन ठेवा: देखभालीचं वेळापत्रक, पुढच्या ठेक्याच्या अटी आणि अंदाजपत्रकातली ओळ. पदभार देताना चालू चाचण्यांची यादी वेगळी जोडा, प्रत्येकीच्या संपण्याच्या तारखेसह, आणि ज्या माळ्यांच्या नावे देखभाल आहे त्यांची नव्या अधिकाऱ्याशी त्याच उद्यानात, त्याच जागेवर उभं राहून भेट घालून द्या.